पडद्यावरचे पिस्तूल आणि काडतुसांचा हिशेब

नागपूरच्या वृत्तपत्रांत एक बातमी वर्षातून अनेकदा, फक्त नाव आणि वस्ती बदलून, वाचायला मिळते. एखादा विशीतला तरुण हातात पिस्तूल घेऊन रील तयार करतो, मागे चित्रपटातला एखादा दणकेबाज संवाद जोडतो, ते समाजमाध्यमावर टाकतो आणि दोन-चार दिवसांत गुन्हे शाखेचे पथक त्याच्या दारात उभे राहते. जप्त झालेली वस्तू कधी देशी कट्टा निघते, कधी खेळण्यातले पिस्तूल, तर कधी बर्डीच्या फुटपाथवर मिळणारा, चाप ओढला की ज्योत पेटणारा लायटर. बातमीच्या मथळ्यात मात्र बहुधा 'माउझर' असते. माउझर हे खरे तर एका जर्मन कंपनीचे नाव. तिचे १८९६ चे पिस्तूल आपल्याकडे क्रांतिकारकांच्या हाती आले, १९१४ मध्ये कोलकात्यात रोडा कंपनीच्या मालातून अशी ५० पिस्तुले पळवली गेली, आणि पुढे हे नाव मध्य भारतात इतके रुजले की आज विदर्भात कोणत्याही पिस्तुलाला, अगदी पाइपाचा तुकडा कापून बनवलेल्या एका गोळीच्या कट्ट्यालाही, तेच चिकटते. वस्तू कोणतीही असो, नाव मोठे हवे, ही सवय चित्रपटांनी लावली असे म्हणता येणार नाही; ती आधीपासूनचीच आहे.

अशी बातमी आली की पाठोपाठ मागणी येते. चित्रपटांनी मुले बिघडवली, पडद्यावरची पिस्तुले बंद करा, निदान तंबाखूच्या दृश्यासारखी एक इशाऱ्याची ओळ तरी खाली लिहा, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू उत्तर देते की कट्टे सातपुड्याच्या पलीकडून येतात, चित्रपटगृहातून येत नाहीत, तेव्हा पोलिसांनी तिकडे पाहावे आणि कलावंतांना मोकळे सोडावे. दोन्ही बाजूंशी माझे पटत नाही. पडद्यावर पिस्तूल दिसते, ही तक्रारच मुळात चुकीच्या जागी केलेली आहे. तक्रार करायचीच तर पिस्तूल दिसते पण त्याचा हिशेब दिसत नाही, अशी करायला हवी; आणि ही मागणी चित्रपटकलेच्या विरोधात जाणारी नाही, कारण अॅक्शनपटांच्या इतिहासातले जे पिस्तुलाचे प्रसंग पन्नास-पन्नास वर्षे लोकांच्या मनातून गेलेले नाहीत, ते बहुतेक सगळे हिशेबाचेच प्रसंग आहेत.

हिशेब म्हणजे मला काय म्हणायचे आहे, हे सांगण्यासाठी एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जावे लागेल. मार्च २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली तेव्हा काटोलकडे राहणाऱ्या माझ्या मामेभावाला, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, परवान्याचे शस्त्र जमा करण्याची नोटीस आली. संत्र्याच्या हंगामात रोख रक्कम घेऊन रात्री-अपरात्री फिरावे लागे म्हणून त्याने पूर्वी कधी तरी हा परवाना काढला होता. कानपूरला बनलेले .३२ चे रिव्हॉल्व्हर, घेतल्यापासून एकदाही न झाडलेले, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात पडलेले असे. मी सोबतीला गेलो होतो. हवालदारांनी परवान्याची पुस्तिका उघडली, मोबाइलच्या उजेडात शस्त्रावरचा क्रमांक दोनदा वाचला, तो नोंदवहीत उतरवला आणि मग दादाने पुढे केलेल्या पत्र्याच्या डबीतली काडतुसे टेबलावर एकेक करून उभी मांडली. मांडून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले. "नऊच आहे न भाऊ. दहावं कोठी गेलं?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण दादाच्या कपाळावर घाम आला. पुस्तिकेत दहा काडतुसांच्या खरेदीची नोंद होती, एकही झाडलेले नव्हते, त्यामुळे दहावे कुठे तरी असायलाच हवे होते. आम्ही अकरा किलोमीटर परत गेलो. तासभर घर उलथेपालथे केल्यावर वहिनींना ते देवघराच्या खणात सापडले. दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी रिव्हॉल्व्हरबरोबर एक काडतूस पाटावर ठेवले होते आणि ते तिथेच राहून गेले होते. त्याच्या पितळी अंगावर कुंकवाचा डाग तसाच होता. हवालदारांनी तो अंगठ्याने पुसला, दहाचा आकडा लिहिला आणि पावती फाडून दिली.

आपली पोलिसी मराठी या बाबतीत फार नेमकी आहे. न झाडलेले काडतूस 'जिवंत' असते आणि झाडून झाल्यावर उरते ती 'पुंगळी'. पंचनाम्यात दोन्हींची संख्या स्वतंत्र लिहावी लागते. चित्रपट पाहताना हे दोन शब्द मनात ठेवले तर चांगला प्रसंग आणि नुसता गोंगाट यांतला फरक चटकन कळतो.

१९७१ च्या 'डर्टी हॅरी'मध्ये क्लिंट ईस्टवूडच्या हातात स्मिथ अँड वेसनचे मॉडेल २९ आहे, .४४ मॅग्नमचे, साडेसहा इंच नळीचे. त्या चित्रपटाचा सर्वांत गाजलेला क्षण गोळी सुटण्याचा नाहीच. बँक लुटून पळणारा जखमी दरोडेखोर बंदुकीकडे हात नेत असतो आणि वर उभा असलेला पोलीस अधिकारी त्याला विचारतो, की मी सहा गोळ्या झाडल्या की पाच, याची तुला खात्री आहे का. सगळा ताण एका बेरजेवर उभा आहे, आणि प्रेक्षकाने स्वतः मोजलेले नसल्यामुळे तोही त्या दरोडेखोराइतकाच अडकलेला आहे. त्याच्या पाच वर्षे आधी, १९६६ च्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मध्ये स्मशानातले तिघांचे द्वंद्व अशाच एका हिशेबावर संपते: तिघांपैकी एकाच्या रिव्हॉल्व्हरमधल्या गोळ्या आदल्या रात्रीच काढून ठेवलेल्या असतात आणि ते फक्त काढणाऱ्याला माहीत असते. १९८८ च्या 'डाय हार्ड'मध्ये ब्रूस विलिसच्या बेरेटा पिस्तुलात शेवटी दोनच गोळ्या उरतात, समोर माणसेही दोन असतात, आणि ते पिस्तूल पाठीला चिकटपट्टीने चिकटवलेले असते. १५ गोळ्या मावणारे पिस्तूल दोनवर आणून ठेवायचे आणि मग प्रसंग रचायचा, हे त्या पटकथेचे शहाणपण.

आणि आपल्याकडे १९७५ चा 'शोले'. गब्बरच्या हातात सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर, समोर तीन माणसे. हे प्रमाण अन्यायाचे आहे म्हणून तो तीन गोळ्या हवेत झाडतो, चक्री फिरवतो आणि तिघांवर एकेकदा चाप ओढतो. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे आणि हा प्रसंग वर्गात हमखास काढत असे. तीन रिकामी घरे एकापुढे एक असताना चक्री एकदाच फिरवली, तर तिघेही वाचण्याची शक्यता सहात एक निघते. म्हणजे पडद्यावर जे घडते ते दुर्मीळ आहे, अशक्य नाही. हे गणित फळ्यावर सुटले की मागच्या बाकावरची मुलेही जागी होत. ते तिघे वाचतात, सगळा अड्डा हसतो, आणि मग उरलेल्या तीन गोळ्यांचे काय होते हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. हिंदी चित्रपटात क्रौर्य याहून कितीतरी जास्त रक्त सांडून दाखवले गेले असेल, पण त्या तीन शिल्लक गोळ्यांइतके ते कुठेच बोचलेले नाही.

हिशेबाची ही ओढ चित्रपटांनी शोधून काढलेली नाही. चंद्रशेखर आझादांचे कोल्ट पिस्तूल प्रयागराजच्या संग्रहालयात आहे. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी आल्फ्रेड पार्कमध्ये काय घडले हे सांगताना आपल्या आजोबांच्या पिढीतले लोक त्या पिस्तुलाची बनावट किंवा ताकद कधी सांगत नसत. ते शेवटच्या गोळीबद्दल सांगत.

नंतर काय झाले? हाँगकाँगच्या जॉन वूने १९८६ च्या 'अ बेटर टुमारो'मध्ये चाऊ युन-फातच्या दोन्ही हातांत पिस्तुले दिली आणि जादाची पिस्तुले फुलांच्या कुंड्यांत लपवून ठेवली. वूचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. कुंड्यांतली ती पिस्तुले म्हणजे सुद्धा एक हिशेबच होता, कारण गोळ्या संपणार हे त्या पात्राला ठाऊक होते. त्याची नक्कल करणाऱ्यांनी मात्र दोन हात घेतले आणि कुंड्या सोडून दिल्या. आजच्या अनेक चित्रपटांत नायक मॅगझिन, म्हणजे पिस्तुलातली गोळ्यांची पेटी, बदलताना दिसलाच तर तो ऐट म्हणून बदलतो. गोळ्या संपत नाहीत, हात थरथरत नाही, कान बधिर होत नाहीत, आणि समोरचा माणूस गोळी लागताच पाच-सहा फूट मागे उडतो.

या शेवटच्या गोष्टीचेही गणित आम्ही वर्गात करत असू. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलातून सुटणारी गोळी साधारण ८ ग्रॅमची असते आणि सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने जाते. ती ७० किलोच्या माणसाच्या शरीरात थांबली तर त्याला मिळणारा वेग निघतो सेकंदाला ४ सेंटीमीटर. संध्याकाळी बर्डीच्या गर्दीत कुणाचा खांदा लागला तरी माणूस याहून जोरात हलतो. शिवाय क्रिया-प्रतिक्रियेच्या नियमाने जो धक्का गोळी खाणाऱ्याला बसतो, तितकाच झाडणाऱ्यालाही बसायला हवा; एक उडत असेल तर दुसऱ्यानेही उडायला हवे. मुले हसत, पण थोडी खट्टूही होत, आणि ते खट्टू होणे मला शिकवण्याच्या दृष्टीने मोलाचे वाटे.

सायलेन्सरची गोष्ट तशीच. पिस्तुलाचा आवाज झाडणाऱ्याच्या कानापाशी दीडशे ते एकशे साठ डेसिबल भरतो, सायलेन्सर त्यातले वीस ते पस्तीस कमी करतो. आपल्याकडे फटाक्यांना चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे पडद्यावर जो 'फुस्स' ऐकू येतो तो प्रत्यक्षात शेजाऱ्यांना उठवणारा आवाज असतो. १९९० च्या 'डाय हार्ड २'मध्ये तर क्ष-किरण यंत्रात न दिसणाऱ्या चिनी मातीच्या ग्लॉक पिस्तुलाची थाप मारली आहे. ऑस्ट्रियात १९८२ मध्ये आलेल्या ग्लॉक १७ ची मूठ आणि सांगाडा प्लास्टिकचा आहे हे खरे, पण नळी आणि वरचा सरकता भाग पोलादी आहे, आणि सोनेगाव विमानतळावरच्या यंत्रातही ते ठळक दिसेल. नेमबाजीबद्दल बोलायचे तर न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा जो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात समोरून गोळीबार होत असताना प्रशिक्षित पोलिसांच्या शंभरातल्या सुमारे अठराच गोळ्या लक्ष्यावर लागल्याचे दिसते. उरलेल्या ब्याऐंशी कुठे तरी जातात. आपल्या नायकाच्या न लागलेल्या गोळ्या ज्या भाजीवाल्याच्या गाड्यापाशी किंवा खिडकीपाशी जात असतील, तिकडे कॅमेरा वळत नाही.

माझ्या या मांडणीवर एक सज्जड आक्षेप आहे आणि तो मी स्वतःच मांडतो. 'डर्टी हॅरी'त गोळ्या मोजल्या गेल्या, तरीही त्या चित्रपटाने पिस्तुलाची भूल उतरवली नाही, उलट वाढवली. मॉडेल २९ हे १९५५ पासून बनत होते, त्याचा धक्का मनगट हलवणारा, वजन सव्वा किलोच्या वर, आणि ते प्रामुख्याने शिकारी व हौशी नेमबाज घेत. चित्रपटानंतर अमेरिकेत त्याला इतकी मागणी आली की ते दुकानांत मिळेनासे झाले आणि मूळ किमतीहून जास्त पैसे मोजून लोक ते घेऊ लागले. मग हिशेबाने काय साधले? मी या प्रश्नावर बराच विचार केला आहे आणि मला असे दिसते की त्या एकाच प्रसंगात दोन गोष्टी शेजारी-शेजारी उभ्या आहेत. पाच की सहा, हा प्रश्न प्रसंगाला ताण देतो. पण त्याच दमात नायक आपले पिस्तूल जगातले सर्वांत शक्तिशाली असल्याचे सांगतो, आणि विकले गेले ते हे वाक्य. एक कला होती, दुसरी दुकानाची पाटी. चित्रपटांनी पुढे पाटीच जास्त उचलली, कारण तिला पटकथा लागत नाही.

दुसरे उदाहरण याहून अवघड आहे. ३० मार्च १९८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या जॉन हिंकलीने १९७६ चा 'टॅक्सी ड्रायव्हर' पुन्हा पुन्हा पाहिला होता. त्या चित्रपटाला पिस्तुलाची जाहिरात कुणीही म्हणणार नाही; एकाकी माणसाच्या मनाची पडझड दाखवणारा तो चित्रपट आहे. चित्रपटातल्या माणसाकडे .४४ मॅग्नम होते, हिंकलीकडे स्वस्तातले .२२ चे रिव्हॉल्व्हर. न्यायालयाने त्याला मनोरुग्ण ठरवले, आणि मनोरुग्णाच्या कृतीवरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही, हे मला मान्य आहे. पण या प्रकरणातून एवढे दिसते की नक्कल करणारा वस्तू उचलत नाही, तो आविर्भाव उचलतो. म्हणून आमच्या गल्लीतल्या मुलाला लायटरही पुरतो.

आविर्भाव किती पोकळ असू शकतो, याचा याहून गमतीदार पुरावा नाही. जेम्स बाँड आणि वॉल्थर पीपीके ही जोडी जगप्रसिद्ध आहे. बाँडच्या हातातले लहान बेरेटा त्या कामाला अगदीच किरकोळ आहे, असे पत्र जेफ्री बूथरॉइड नावाच्या शस्त्रांच्या जाणकार वाचकाने १९५६ मध्ये लेखक इयन फ्लेमिंग यांना लिहिले. फ्लेमिंग यांनी बाँडला पीपीके दिले आणि शस्त्रागार सांभाळणाऱ्या पात्राला बूथरॉइडचे आडनाव दिले. इतकी काळजी घेतली गेली. मग 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'च्या जाहिरातीची छायाचित्रे काढायची वेळ आली तेव्हा पीपीके आणायचेच राहून गेले. छायाचित्रकार डेव्हिड हर्न यांच्याजवळ स्वतःचे वॉल्थरचेच पण हवेच्या दाबावर चालणारे पिस्तूल होते, ते शॉन कॉनरींच्या हातात दिले गेले, आणि गालाजवळ लांब नळी धरलेले ते छायाचित्र बाँडची ओळख होऊन बसले. म्हणजे जत्रेत फुगे फोडायला जी छऱ्याची बंदूक असते, तिच्या जातीचे शस्त्र. २०१० मध्ये लंडनच्या लिलावात ते २ लाख ७७ हजार २५० पौंडांना विकले गेले. नागपुरात चौकाचौकांत लागणाऱ्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर काळा चष्मा लावलेले 'भाऊ' ज्या मुद्रेत उभे असतात, तिचा कुळाचार शोधत गेलो तर वाटेत कुठे तरी हे छऱ्याचे पिस्तूल भेटेल, असा मला दाट संशय आहे.

आणि तरीही चित्रीकरणाच्या जागी मात्र पिस्तूल कधीच पोकळ नसते. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकी अभिनेत्याने एका मालिकेच्या चित्रीकरणात थट्टेत .४४ मॅग्नम कानशिलाला लावून चाप ओढला. आत ब्लँक होते, म्हणजे दारू असलेले पण गोळी नसलेले काडतूस, आणि नुसत्या दारूच्या झोताने तो गेला. ३१ मार्च १९९३ रोजी 'द क्रो'च्या चित्रीकरणात ब्रँडन ली गेला, त्याचे कारण तर एखाद्या परीक्षेतल्या प्रश्नासारखे आहे: आधी वापरलेल्या, गोळी असलेल्या पण दारू नसलेल्या डमी काडतुसाची गोळी नळीत अडकून राहिली होती, नंतर त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरले गेले, आणि अर्धे-अर्धे खोटे मिळून एक पूर्ण खरी गोळी झाली. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी 'रस्ट'च्या तालमीत छायालेखिका हलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला, कारण जिथे एकही जिवंत काडतूस असायला नको होते तिथे ते होते. २०२४ मध्ये शस्त्रे सांभाळणाऱ्या तरुणीला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. 'डाय हार्ड'मध्ये टेबलाखालून गोळ्या झाडताना ब्रूस विलिसच्या डाव्या कानाची श्रवणशक्ती दोन-तृतीयांश गेली, असे त्यानेच पुढे सांगितले. या सगळ्या घटनांत कोणाचे तरी मोजणे चुकले आहे किंवा राहून गेले आहे. पडद्यामागे हिशेब इतका जीवघेणा असताना पडद्यावर तो अजिबात दाखवायचा नाही, हा संकेत मला समजत नाही.

कायद्याचा हिशेब तर आपल्या चित्रपटांतून जवळजवळ हद्दपारच आहे. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा. त्यानुसार ९ मिलिमीटर हा निषिद्ध बोअर (म्हणजे नळीच्या आतला व्यास) आहे, कारण ते लष्कर-पोलिसांचे काडतूस. सामान्य परवान्यावर मिळते ते .३२. बाहेरच्या देशांतून नागरिकांसाठी पिस्तुले आणणे १९८० च्या दशकातच बंद झाले. म्हणजे हिंदी चित्रपटातला साधा नागरिक नायक बहिणीच्या अपमानाचा सूड घ्यायला जे बेरेटा किंवा ग्लॉक काढतो, ते त्याच्याजवळ असणे हाच स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे. (गंमत म्हणजे बाँडचे पीपीके ७.६५ मिलिमीटरचे, म्हणजे .३२ चेच, बोअरपुरता तो आमच्या दादाच्या पंगतीतला.) २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडची शस्त्रे तीनवरून दोनवर आणली, आणि लग्ना-मिरवणुकीत आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळ्या झाडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. वरातीत हवेत गोळ्या झाडणारा बाप किंवा काका किती चित्रपटांत कौतुकाने दाखवला आहे, ते वाचकाने आठवून पाहावे. त्याच्यावर गुन्हा दाखल झालेला मला तरी आठवत नाही. हवेत गेलेली गोळी खाली येते, हे सांगायला पदार्थविज्ञानाचा शिक्षकही लागत नाही.

बेरेटा हे नाव लिहिताना आपल्याला, मराठी माणसांना तर विशेष, थोडे थांबायला हवे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत वापरले गेलेले पिस्तूल बेरेटाच होते आणि गोळ्या तीन होत्या. त्या तीन गोळ्यांची किंमत पुढे महाराष्ट्रातल्या किती निरपराध घरांनी जाळपोळीत मोजली, हे आपल्या घराघरांत सांगितले गेले आहे.

आता बंदी आणि इशाऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. यावर फार शब्द खर्च करण्यासारखे नाही. पंजाबमध्ये उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हिंसेचे उदात्तीकरण करणारी गाणी वाजवण्यास मनाई केली, २०२२ मध्ये तिथल्या सरकारने शस्त्रांचे जाहीर प्रदर्शन आणि तशी गाणी यांवर बंदी घातली. प्रदर्शनावरची बंदी मला योग्य वाटते, गाण्यांवरची निरुपयोगी, कारण गाणे खिशातल्या मोबाइलमध्ये असते. इशाऱ्याच्या ओळीचे काय होते हे तर नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. चित्रपटाआधी तंबाखूचा इशारा मोठ्या आवाजात ऐकू येतो, दृश्याखाली ओळही उमटते, राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि मध्यंतरात चित्रपटगृहाबाहेरच्या पानठेल्यावर खर्रा घोटण्याचा आवाज चालूच असतो. पिस्तुलाखाली 'शस्त्र बाळगणे गुन्हा आहे' असे लिहिल्याने फार तर त्या ओळीचाही एक रुबाब तयार होईल. २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटांच्या प्रमाणपत्रात सात, तेरा आणि सोळा वर्षांचे टप्पे आले, ते चांगलेच झाले. पण आमच्या बातमीतला तरुण विशीचा असतो.

म्हणून अपेक्षा करायची ती लिहिणाऱ्यांकडून आणि पाहणाऱ्यांकडून. चित्रपटाचे परीक्षण लिहिणारे संगीत, छायाचित्रण, अभिनय यांचा ताळेबंद मांडतात. त्यांनी गोळ्यांचाही मांडावा, आणि गंमत म्हणून नव्हे. पंधरा गोळ्यांच्या पिस्तुलातून नायकाने सोळावी गोळी झाडली तर ती पटकथेतली चूक आहे, जशी पेशव्यांच्या काळातल्या दृश्यात विजेची तार दिसणे ही चूक असते. मराठी पोलीसपटांना तर इथे मोकळे मैदान आहे. आपल्या पोलीस ठाण्यांत शस्त्र घेताना आणि परत देताना होणारी नोंद, गोळीबारानंतर पुंगळ्या शोधत जमिनीवर वाकलेले शिपाई, प्रत्येक झाडलेल्या गोळीबद्दल अधिकाऱ्याला लिहावा लागणारा खुलासा, यात जो ताण आहे तो चाळीस जणांना लोळवण्यात नाही. ज्याला हे रटाळ वाटेल त्याने आपला विदर्भ आठवावा. अंबाझरीला तोफगोळ्यांची कवचे बनतात, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला स्फोटके, पुलगावला दारूगोळ्याचे भांडार. ३१ मे २०१६ ला पुलगावात आणि २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरात झालेल्या स्फोटांनी काय झाले ते इथल्या माणसाने अगदी जवळून पाहिले आहे. ज्या घरातला माणूस अशा निर्माणीत कामाला जातो, त्या घरात दारूबद्दल ऐटीत बोलत नाहीत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत हिंदी चित्रपटांतल्या एका लोकप्रिय नायकाचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटले आणि गोळी त्याच्याच पायात शिरली. समाजमाध्यमांवर त्याची चेष्टा झाली. मला त्यात चेष्टेसारखे काही दिसले नाही. पडद्यावर आयुष्यभर न दिसलेली एक गोळी तेवढी मोजली गेली होती.

निवडणुकीचा निकाल लागला, आचारसंहिता उठली आणि जून महिन्यात दादा रिव्हॉल्व्हर परत आणायला गेला तेव्हा मीही गेलो. या वेळी दादाचा अकरावीतला मुलगा सोबत होता. हवालदार तेच होते. त्यांनी क्रमांक जुळवला आणि काडतुसे पुन्हा टेबलावर उभी केली. मुलाने मोबाइल वर केला, तसा दादाने न बोलता त्याचा हात खाली केला. हवालदारांनी बोट लावत दहापर्यंत मोजले, मग डबी दादाकडे सरकवून म्हणाले, "भाऊ, तुम्हीबी मोजा." दादाने मोजली. मग त्यांनी मुलाकडे पाहिले. "आता तू मोज रे बाबू, मोठ्यानं मोज." त्याने एक-एक उचलून मोजायला सुरुवात केली आणि सातव्याला थांबून वडिलांना विचारले, की याची कड लाल का आहे.